कामाची गाढवं बघायला माणसं येतील का? बहे, लिंब आणि परदेशातली बेटं

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. प्रश्न वाचून हसाल. हसून घ्या, मग उत्तर द्या.

माझ्या चुलतभावाची सांगली जिल्ह्यातल्या बहे गावाजवळ नदीकाठी थोडी जमीन आहे. उसाला कंटाळून तो आता कृषी पर्यटन केंद्र काढायच्या मागे लागलाय. कृष्णेच्या पात्रातलं रामलिंग बेट आणि समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक तिथे असल्यामुळे गाड्या येतात, पण लोक दर्शन घेतात, नदीबरोबर फोटो काढतात आणि शिराळ्याच्या नाहीतर मनपाडळ्याच्या मारुतीला पळतात. त्यांना दोन तास थांबवायचं कसं? हुरडा, बैलगाडी, ट्रॅक्टरची चक्कर हे आता सगळेच करतात.

मुलीकडे इंग्लंडला गेले होते तेव्हा आइल ऑफ वाइट नावाचं बेट पाहिलं. तिथल्या कॅरिसब्रुक किल्ल्यात १६१ फूट खोल विहीर आहे आणि तिच्यावर १५८७ सालातलं भलंमोठं लाकडी चाक. गाढव त्या चाकाच्या आत शिरतं आणि चालायला लागतं. चाक फिरलं की आसावर दोर गुंडाळला जातो, खालून बादली वर येते. पूर्वी किल्ल्याचं पाणी असंच निघायचं. आता लोकांना दाखवायला थोडाच वेळ चालवतात, मग गाढव बाहेर येऊन गवत खातं. सगळ्या गाढवांची नावं इंग्रजी ‘जे’ अक्षरावरून ठेवतात. पहिला चार्ल्स राजा १६४७-४८ मध्ये तिथे कैदेत होता आणि गुप्त पत्रांवर ‘जे’ अशी सही करायचा, म्हणून ही पद्धत असं सांगतात. राजाच्या खोलीत चार माणसं होती, गाढवाच्या कुंपणाला पोरांची रांग.

भावाला हे सांगितलं आणि त्याच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. आपल्याकडे असं काही चालेल का? गाढवं कुठून आणायची, त्यांना काम काय द्यायचं? आणि हे करणं बरोबर आहे का, तेही सांगा.

भडंग_स्पेशल
गाढवं बघायला सांगलीकर तिकीट काढणार? आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला या ताई, चहा-बिस्किटासकट फुकट दाखवतो.

लिंबाचा_पार
पाणी काढणाऱ्या जनावराचंच कौतुक असेल तर बेटावर कशाला जायला पाहिजे? साताऱ्याजवळ लिंबला बारा मोटेची विहीर आहे की. शाहू महाराजांच्या काळात वीरूबाईंनी बांधली, शके १६४१ ते १६४६, म्हणजे १७१९ ते १७२४. शिलालेख आहे. ११० फूट खोल, ५० फूट व्यास, विहिरीच्या पोटात महाल. एका वेळी बारा मोटा (बैलांनी ओढून पाणी वर काढायच्या चामड्याच्या मोठ्या पिशव्या) चालायच्या.

आता लोक येतात, महालाच्या जिन्यात रील करतात आणि जातात. ‘बारा मोटेची’ म्हणजे काय हे दहातल्या नऊ जणांना माहीत नसतं, कारण तिथे एकही मोट चालताना दिसत नाही. कॅरिसब्रुकवाल्यांनी चाक चालू ठेवलं, हा खरा फरक.

कृष्णाकाठची
@लिंबाचा_पार, अगदी. पण मोटेला बैल लागतात. भावाचा हट्ट गाढवाचा आहे, कारण बैल सगळ्यांकडे आहेत.

पेवातली_हळद
बैल सगळ्यांकडे आहेत?? आमच्या हरिपुरात शोधून दाखवा. मीटिंग शर्यतीच्या मैदानातच होईल त्यांची.

खूरवैद्य
पशुवैद्यक आहे, सरकारी नोकरीतून निवृत्त. धाग्याची थट्टा होण्याआधी कायद्याचं सांगून ठेवतो.

ओझ्याच्या आणि जुंपण्याच्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालचे. त्यात गाढवाच्या पाठीवर जास्तीत जास्त ५० किलो. तट्टाला ७०, खेचराला २००. दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि तापमान ३७ अंशांच्या वर जातं तिथे दुपारी बारा ते तीन काम बंद. म्हणजे आपल्या भागात मार्चपासूनच दुपार सुट्टी.

आता ५० किलोत कोण बसतं ते बघा. तुमचे पर्यटक नाही बसत. खोगीर धरून दहा-बारा वर्षांचं पोर, बस. ‘गाढवाची सफारी’ वगैरे डोक्यात असेल तर आताच काढून टाका.

दुसरी गोष्ट, गाढव मुळात कोरड्या मुलखातलं जनावर. पूर्व आफ्रिकेत सात हजार वर्षांपूर्वी माणसाळलं. घोड्यासारखा त्याच्या केसांवरून पाऊस ओघळत नाही, आत मुरतो. भिजलं की आजारी पडतं, ओल्या जमिनीत खूर मऊ होऊन कुजतात. नदीकाठी ठेवणार असाल तर उंचावर पत्र्याचं छप्पर आणि खाली कोरडी मुरमाड जमीन हवी. कडबा, वाळलं गवत द्या. उसाचं वाढं आणि पेंड बघून लोकांचा हात सुटतो, गाढव लठ्ठ होतं आणि पायांनी जातं. खूर दीड-दोन महिन्यांनी कापायला लागतात, नाहीतर जुन्या कोल्हापुरी चपलेसारखे पुढून वर वळतात.

एकटं गाढव कधीही आणू नका. जोडी जमली की ती तोडायची नाही. जोडीदार गेला की खाणं सोडलेली गाढवं मी पाहिली आहेत.

भडंग_स्पेशल
डॉक्टर, हे सगळं नवऱ्यांनाही लागू आहे. विशेषतः पेंडीचं.

दर्यावर्दी_कराडकर
जहाजावर होतो, त्यामुळे बेटं बरीच पाहिली. गाढवांची बेटं दोन जातीची असतात.

पहिली जात सँटोरिनी, ग्रीसमधलं. जुन्या बंदरापासून वर फिरा गावापर्यंत पाचशेच्या वर पायऱ्या. क्रूझमधून उतरलेली दणकट माणसं गाढवांवर आणि खेचरांवर बसून वर जातात. केबल कार आहे, चालत जाता येतं, तरी बसतात. उन्हात रांगेत उभी जनावरं, पायऱ्या लीदीनं निसरड्या. इतकी ओरड झाली की २०१८ साली ग्रीस सरकारला नियम काढावा लागला: १०० किलो किंवा जनावराच्या वजनाच्या एक पंचमांशाच्या वर ओझं नाही. डॉक्टरांचे ५० किलो वाचून वाटलं, कागदावर आपण पुढे आहोत. फक्त कागदावर.

दुसरी जात हायड्रा, तेही ग्रीसमधलंच. बेटावर मोटारीच नाहीत. कचऱ्याच्या गाडीसारख्या एखाद-दुसऱ्या सोडून सगळं ओझं गाढवावर नाहीतर खेचरावर. बोटीतून उतरलो तर धक्क्यावर एका खेचराच्या पाठीवर फ्रिज बांधत होते, शेजारी दुसऱ्यावर सिमेंटची पोती. पर्यटक त्याचेच फोटो काढतात, पण पर्यटक नसते तरी तो फ्रिज तसाच गेला असता. त्या गावात मजा आहे ती ह्यात.

आणखी एक केनियातलं लामू. गल्ल्या इतक्या अरुंद की गाडी शिरत नाही, गाढवंच वाळू, दगड, पाणी वाहतात. १९८७ पासून तिथे गाढवांचा दवाखाना आहे, फुकट. मालक स्वतः हाकत घेऊन येतात, जखमा धुऊन घेतात.

तेव्हा ताई, भावाला विचारा: सँटोरिनी करायचंय की हायड्रा?

कृष्णाकाठची
दर्यावर्दी, हा प्रश्न तसाच्या तसा त्याला वाचून दाखवला. म्हणाला, ‘फ्रिज कुणाला न्यायचाय पण?’

स्पष्टवक्ती_सातारा
मला हा सगळा प्रकारच पटत नाही. महाबळेश्वरला वेण्णा लेकवर घोडे बघा, पाचगणीला टेबललँडवर बघा. बरगड्या दिसताहेत, तोंडाला फेस, तरी वर चार जणांचं कुटुंब फोटो काढतंय. आता गाढवही त्यात आणायचं? जनावराचं काम संपलं असेल तर संपू द्या. मशीन आलं, सुटलं बिचारं. त्याला परत जुंपून त्याचं नाटक कशाला?

माणदेशी_खडा
ताई, सुटलं म्हणजे कुठं गेलं ते बघितलं का? २०१२ च्या पशुगणनेत देशात ३ लाख २० हजारांच्या आसपास गाढवं होती. २०१९ ला १ लाख २० हजार. सात वर्षांत साठ टक्के गायब. काम गेलं तशी ठेवणारी माणसं गेली, आणि जनावर कातडी-मटणवाल्यांच्या हाती. चीनमध्ये गाढवाच्या कातड्यापासून औषध म्हणून सरस काढतात, त्यापायी आफ्रिकेतली गाढवं इतकी संपायला लागली की २०२४ ला आफ्रिकन युनियनला कातड्याच्या धंद्यावर बंदी ठरवावी लागली. ह्याला सुटका म्हणायचं का?

गाढवं कुठनं आणायची विचारलंय. पौष पौर्णिमेला जेजुरीला बाजार भरतो, दुसरा नगरकडं मढीला, कानिफनाथांच्या यात्रेत. जेजुरीला काठेवाडी जनावर येतं, अंगानं थोराड आणि पांढरट, भाव जास्त. आपलं गावरान बुटकं, राखी रंगाचं, चिवट. दात बघून वय आणि वयावरनं भाव ठरतो: कोरा, दुवान, चवान, अखंड, अशी त्या दातांची नावं. घेणारा तोंड उघडून बघतोय आणि इकणारा दुसऱ्या बाजूनं कान धरून उभा, दोघंबी खोटं बोलत्यात, असा तो बाजार. तुमच्या भावाला एकट्याला पाठवू नका, अखंडच्या भावात म्हातारं गळ्यात मारतील.

पेवातली_हळद
अवांतर: आमच्याकडे आजी शीतळादेवीची गोष्ट सांगायची. देवीचं वाहन गाढव. त्यामुळे शीतळासप्तमीला त्या दिवसापुरता गल्लीतल्या गाढवाला मान. दुसऱ्या दिवशी तेच गाढव अंगणात आलं की आजीच काठी घेऊन मागे.

संथ_वाहते
अवांतरात भर. संत एकनाथांनी काशीची कावड रामेश्वराला न नेता वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजली. आणि पुण्यावर मुरार जगदेवानं गाढवाचा नांगर फिरवला तो गाव ओसाड करायला. एकाच जनावरावर संतांनी दया केली आणि सरदारांनी त्याचा अपशकून केला. मधल्या मधे गाढवाला कुणी विचारलं नाही.

चाकावरचा
बरेच दिवस वाचतोय, लिहीत नाही. ह्या धाग्यावर लिहायला पाहिजे.

मी कुंभाराच्या घरातला, गाव कराडजवळ. आजोबांच्या काळात गाढवं माती आणायला आणि जाळ्यात मडकी भरून बाजाराला न्यायला. वडिलांच्या काळात मडकी कमी झाली, गाढवं वीटभट्टीवर गेली. मी शाळेतून आलो की भट्टीवर.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. हंगामाच्या पहिल्या दिवशी दोन-तीन खेपा हाकायला लागतात. नंतर मालक बसून बिडी ओढतो. पुढची गाढवीण स्वतःहून पटांगणातून भट्टीकडं वळते, बाकीची मागं. भट्टीपाशी येऊन आडवी उभी राहते, शेवटची वीट उतरेपर्यंत पाय हलवत नाही, उतरली की परत. आमच्याकडं विटकरी रंगाची एक होती. तिला पाठीवर किती रचल्यात ते कळायचं. जास्त झाल्या की जागची हलायची नाही. वडील दोन विटा काढायचे आणि बघायचे. नाही हलली तर आणखी एक. मग चालायला लागायची. लोक ह्याला हट्टी म्हणतात. वडील म्हणायचे, ‘हिशोब येतो तिला, तुमच्यापेक्षा बरा.’

डॉक्टरसाहेब, ५० किलो म्हणजे तीन किलोच्या सोळा विटा. भट्टीवर कुणी सोळा रचत नाही. तीस-पस्तीस सर्रास. पाठीला पोत्याची गादी घालतात, ती सरकली की मणक्यावर जखम होते, त्यावर राख नाहीतर इंजिन ऑईल लावून दुसऱ्या दिवशी परत. हे आमच्याही घरात झालंय, खोटं कशाला बोलू. ज्याची रोजची भाकरी खेपेवर, त्याला नियम कुणी सांगितलाच नाही आणि सांगितला असता तरी भट्टीमालकानं खेपेचा दर वाढवला नसता.

आता दुसरी बाजू. शाळेत मला माझ्या नावानं कुणी हाक मारत नव्हतं. वर्गात शिरलो की मागच्या बाकावरून ‘ढेंचू’. मास्तरसुद्धा हसायचे. तुमच्याकडं ‘गाढवा’ ही शिवी, आमच्याकडं तो घरचा माणूस होता आणि शिवी आम्हालाच बसायची. तेव्हा शहरातली माणसं येऊन गाढवाबरोबर सेल्फी काढणार आणि ते गाढव एखाद्या बागायतदाराच्या मालकीचं असणार, हे वाचून पोटात जरा ढवळलं. राग नाही ताई तुमच्यावर. पण गाढवं विकत आणून तुमच्या भावानं ठेवली तर ती कुत्र्या-मांजरासारखी राहतील. ज्याला त्यांची भाषा येते असा माणूस बरोबर पाहिजे, आणि तो पगारी गडी म्हणून नको, भागीदार म्हणून पाहिजे.

दर्यावर्दी_कराडकर
ह्याच्यासाठीच मी धागे वाचतो. दंडवत.

स्पष्टवक्ती_सातारा
@चाकावरचा, भागीदारीचं पटलं. तीस-पस्तीस विटांचं वाचून मात्र माझं मत आणखी पक्कं झालं. भट्टीवर जी जखम होते तीच पर्यटनात होणार नाही कशावरून? पैसा वाढला की खेपा वाढतात.

चाकावरचा
बरोबर आहे. म्हणून खेप विकायची नाही. तिकीट गेटवर घ्यायचं, गाढवाच्या पाठीवर नाही. कॅरिसब्रुकवाले तेच करतात ना? माणूस वाढला तरी चाक तेवढंच फिरतं.

खूरवैद्य
+१. हा मुद्दा मी मांडायला हवा होता इतका चांगला आहे. उत्पन्न फेरीवर ठेवलं की फेऱ्या वाढतात. घोड्यांचं महाबळेश्वरात तेच झालंय.

वाळूचा_कण
सगळे गोड गोड बोलताय. आमच्याकडे नदीकाठी गाढव म्हटलं की एकच काम: रात्री दोन वाजता पात्रातून वाळू. ट्रॅक्टर धरतात, जेसीबी धरतात, म्हणून गाढवं. अंधारात आवाज नाही, दिवे नाहीत, कुठल्याही पायवाटेनं चढतात. तलाठी-तहसीलदारांनी धाड टाकली की माणसं पळतात आणि गाढवं जप्त. पंढरपूरकडे तर हे नेहमीचंच. जप्त गाढवांना ठेवायचं कुठे, खायला कोण घालणार, हा सरकारी यंत्रणेपुढचा खरा पेच.

तुमच्या भावानं नदीकाठी गाढवं बांधली की पहिल्या आठवड्यात कोणीतरी निनावी अर्ज करणार. आधीच ग्रामपंचायतीला कळवून ठेवा.

भडंग_स्पेशल
जप्त गाढवांची सुनावणी कुठल्या कोर्टात होते? आणि ‘ओळखता का ह्यांना’ विचारल्यावर गाढव काय म्हणतं?

माणदेशी_खडा
म्हणत असेल, साहेब, ह्यांना मी कधी बघितलंच नाही. लई इमानी जनावर.

संपादक
एक-दोन प्रतिसाद काढले आहेत. कुठल्या समाजाचा काय धंदा यावरून शेरेबाजी नको. ज्यांनी तो धंदा केला आहे ते इथे लिहिताहेत, त्यांचं वाचा.

संथ_वाहते
पुराचं कुणी बोललंच नाही. ऑगस्ट २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५. २०२१ ला परत पूर. नदी चढली की रामलिंग बेट पाण्याखाली जातं, मंदिरासकट. तेव्हा बेटावर जनावर नकोच. काठावर ठेवलं तरी दावणीला बांधून ठेवायचं नाही, २०१९ ला बांधलेली जनावरंच गेली. जुलैच्या आत त्यांना हलवायला उंचावर जागा ठरलेली हवी.

शिवाय ते देवस्थान आहे. बेटावर नाटक-तमाशा नको, गावात उगाच वाद. काय करायचं ते भावाच्या शेतात.

लिंबाचा_पार
दुसऱ्या बेटांचं म्हणाल तर कोयनेच्या शिवसागर जलाशयाकडे बघा. बामणोलीहून बोटीनं पलीकडे गेलं की काही वाड्यांना धड रस्ता नाही, सिलिंडर आणि धान्य बोटीतून उतरवलं की पुढे माणसाच्या डोक्यावर. तिथे गाढवाला खरं काम आहे, हायड्रासारखं.

खूरवैद्य
तिथला पाऊस बघता का? गाढव दोन पावसाळे काढणार नाही. बामणोलीला घोडा, तट्टू एकवेळ चालेल. त्यापेक्षा माण, खटाव, आटपाडी, जत. गाढवाला मानवणारी हवा तीच.

माणदेशी_खडा
बघा, शेवटी दुष्काळाचा कुठंतरी फायदा झाला आमचा.

पेवातली_हळद
गडांवर काम नाही का? दुरुस्तीला चुना, वाळू, पाणी वर न्यायला गाढवंच नेतात ना अजून? रस्ता नसलेल्या गडावर दुसरं जातंय काय. ते बघायला मी तरी थांबेन. एकदा उतरताना वरून रिकामी गाढवं खाली येत होती. आम्हाला बाजूला सरकायला लावून मधून गेली, कुणी हाकायला नाही, आणि आमचे ट्रेकर ‘साइड प्लीज’ म्हणत त्यांच्याच मागे.

आटपाडीची_सून
सगळे गाढवाचा विचार करताहेत, बाईचा कुणी करत नाही. आमच्याकडे खेप हाकणारा पुरुष, पण चारा, पाणी, शेण, शिंगराची काळजी घरातली बाई करते. गाढवीण बारा महिने गाभण असते, घोडीपेक्षाही जास्त. तिला कामाला किती लावायचं हे सासूबाई ठरवायच्या, सासरे नाही. भागीदारी करणार असाल तर कागदावर तिचंही नाव घाला.

आणि दुधाचं फॅड इथे आणू नका. मोबाईलवर काहीही भाव फिरतात. एक गाढवीण देते किती आणि शिंगराला उरतं किती, ते आधी बघा.

कृष्णाकाठची
सगळ्यांचे आभार. सगळं भावाला पाठवत होते, शेवटी तोच कंटाळून म्हणाला, ‘फोनच लाव.’ बोललो तास-दीड तास. सध्या ठरलेलं असं.

बेटावर काही नाही. गाढवावर कुणाला बसवायचं नाही, पोरांनासुद्धा नाही. (डॉक्टर, ५० किलोचं ऐकून तो म्हणाला, पोरांना बसवलं की त्यांचे बाप पण बसणारच, मग कशाला सुरुवात करा.) त्याच्या मळ्यात जुनी विहीर आहे, मोटेची धाव (मोट ओढताना जनावरं चालायची ती उतरती वाट) अजून शाबूत आहे, फक्त बाभळी माजल्यात. त्यावर चाक बसवायचं की मोटच गाढवाच्या जोडीनं ओढून बघायची, ते सुतार ठरवेल. निघालेलं पाणी आंब्याच्या रोपांना जाणार, म्हणजे नुसता खेळ राहणार नाही. तिकीट गेटवर.

@चाकावरचा, तुम्हाला व्यक्तिगत निरोप केला आहे. तो तुमच्या वडिलांना भेटायला यायचं म्हणतोय.

खूरवैद्य
मोट ओढवायची असेल तर चामड्याची जुनी मोट विसरा, भरलेली मोट दोन गावरान गाढवांना झेपणार नाही. लहान डोल घ्या. आणि गाढव धावेवरून मागे-मागे येणार नाही, बैलाला ती सवय लावलेली असते. गाढवाला गोल फिरवा किंवा चाकात चालवा. मागे ढकलायला गेलात तर तिथेच बसेल.

लिंबाचा_पार
हे यशस्वी झालं तर लिंबला पण एक मोट चालू करा म्हणून आम्ही मागे लागणार. बैलाची. आमच्याकडे अजून आहेत, हरिपूरकरांनी नोंद घ्यावी.

स्पष्टवक्ती_सातारा
अजूनही माझी पूर्ण संमती नाही. पण बसायला देणार नसाल आणि डॉक्टर महिन्यातून एकदा तपासायला जाणार असतील तर विरोध मागे. चालू झालं की न सांगता येऊन बघणार आहे.

खूरवैद्य
डॉक्टरला कुणी विचारलं नाही, पण जाईन. डिझेल भावानं द्यावं.

चाकावरचा
निरोप मिळाला. वडील म्हणाले, या, पण रविवारी नको, त्या दिवशी बाजार. एक अट घातली आहे: जेजुरीला गाढवं निवडायला ते स्वतः येणार, आणि पांढरी काठेवाडी कुणी घ्यायची नाही. दिसायला देखणी, पण पाऊस पडला की नुसती उभी राहतात म्हणे.

नावं कुठल्या अक्षरावरून ठेवायची ते तुमचं तुम्ही बघा.

भडंग_स्पेशल
‘भ’वरून ठेवा. आमच्या गल्लीत आयती यादी तयार आहे.

माणदेशी_खडा
पौष पौर्णिमेला जेजुरीला मी असतोच. मेंढरं फलटणकडं सोडून येतो. कोण कोण येतंय? गाडीत दोन जागा आहेत, परतीला मात्र मागं शिंगरू असलं तर जागा एकच.